आक्का मोहरकी काढायला विसरल्या

तबेल्यात सगळे त्यांना आक्का म्हणत. वय साठीला टेकलेलं, पण आवाज असा खणखणीत की घोडेही कान टवकारत. घोड्यांची निगा राखायला नवा मोतद्दार कामावर आला की आक्का खरारा शिकवायच्या आधी त्याच्या हातात मोहरकी देत. मोहरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायची पट्ट्यांची जाळी; तिला दोर लावून घोडा न्यायचा.

"नाकपट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत," त्या सांगत. "एकच गेलं तर काचेल, चार गेली तर घोडा पाय अडकवून घेईल. आणि मोकळ्या सोडलेल्या घोड्याच्या तोंडावर मोहरकी दिसली, तर गाठ माझ्याशी आहे!"

त्या दुपारी नवऱ्याच्या डोळ्यावरची मोतीबिंदूची पट्टी सुटायची होती. आक्कांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हातारी तांबडी घोडी कुरणात सोडली, फाटक लावलं आणि धावतपळत दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पट्टी काढली. नवरा डोळे मिचकावत म्हणाला, "अगं, तू एवढी वाळलीस कधी?"

आक्का हसल्या. पदर सारखा करायला खांद्याकडे हात गेला आणि तिथेच थबकला. घोडी सोडली की मोहरकी त्या खांद्यावर टाकूनच परतत. आज खांदा रिकामा होता.

"अहो, चला. आत्ताच्या आत्ता!"

काळा चष्मा लावलेल्या नवऱ्याला रिक्षात घालून त्या कुरणाच्या फाटकाशी उतरल्या. घोडी कुंपणाजवळ तीन पायांवर उभी होती. कान खाजवायला मागचा पाय उचलला होता, तो खूर गालपट्टीत अडकला होता. मान वाकडी, अंग घामानं थबथबलेलं. नवीकोरी नायलॉनची पट्टी. ती कसली तुटतेय!

आक्कांनी फाटक उघडलं. पण धावत जाऊन चालणार नव्हतं. घोडी बिथरून पडली असती तर मानच मोडली असती.

"आले गं बाई, आले," म्हणत त्या खांद्याच्या बाजूनं सावकाश गेल्या. बक्कल ताणलं गेलं होतं, निघेना. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि कानामागची पट्टी कापायला घेतली. पट्टी तटकन तुटली, पाय धप्पकन खाली आला, आणि घोडीनं अंग झाडून त्यांच्या छातीवर नाक घासलं.

आक्कांनी तिला मानेपासून खुरापर्यंत चाचपून पाहिलं.

"लागलं का कुठं?" नवरा कुंपणापलीकडून ओरडला.

"घोडीच्या हनुवटीखाली खरचटलंय, बाकी काही नाही!" त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

संध्याकाळी त्यांनी तबेल्याच्या मालकीणबाईंना सगळं सांगितलं, एक शब्दही न झाकता. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"तीस वर्षांत एकदा," त्या म्हणाल्या. "आणि सांगायला स्वतः आलात. बसा, पाणी प्या."

"बसते. पण ती नायलॉनची मोहरकी नको आता. कानामागं पातळ चामड्याची पट्टी असलेली आणा. झटका बसला की तुटेल अशी. माणूस चुकतंच, बाई."

"उद्याच आणते."

बाहेर नवरा कुरणाच्या फाटकाशी उभा राहून तांबडीला चरताना बघत होता, चष्मा कपाळावर चढवून. "चष्मा डोळ्यावर घ्या आधी!" आक्का त्याच्यावर खेकसल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.