चलथाणची सापसुरळी

मामांनी फोनवर सांगितलं, "दुपारले निंघस ती, भिंतीवर ऊन खात बठस. ये, फोटो काढ," आणि मी अमळनेरहून सुरतेची गाडी पकडली. जनरलच्या डब्यात जागा मिळते, फक्त पाणी घरून न्या.

मामा सुरतेजवळ कडोदऱ्यात जन्मभर कापडाचे लूम चालवून बहिरे झाले; फोनवर तेच बोलतात, मी ऐकते. मामी गेल्यावर चलथाणला उसाच्या शेताकडेची खोली घेतली. तिथे त्यांना ही सापसुरळी भेटली. तांबूस, तेलकट चकचकीत अंग, इवलेसे पाय. शेपूट एकदा मांजराच्या तोंडात सोडून आलेली. पुन्हा फुटली, पण आखूड. त्यावरूनच ओळखायचे. लोक तिला सापाची मावशी म्हणून ठेचतात. बिचारीला विष नसतं, किडे खाऊन पाचोळ्यात राहते. बहिऱ्या माणसाला सोबतीला बोलणारं कुणी लागत नाही, असं मामा म्हणत.

चलथाण स्टेशनात उतरले तर अंगावर राखेची काळी कुसळं पडत होती. शेअर रिक्षावाला म्हणाला, "शेरडी सळगावी छे, बेन." इकडे तोडीआधी ऊस पेटवतात, पाला जळून कापणी सोपी होते.

मामा दारात उभे होते. भिंत वरपर्यंत काळी. तोड पुढच्या महिन्यात म्हणून खोलीच्या आणि शेताच्या मालकाने सांगितलं होतं, साखर कारखान्याची तोडीची चिठ्ठी आधीच आली. आग बांधावर थांबायची, पण मामांनी बांधापासून भिंतीपर्यंत पाचट पसरलं होतं, गावाकडे केळीच्या बुडाशी घालतात तसं.

"थंडी पडनी व्हती ना. तिले ऊब ऱ्हाई म्हनीसन टाकं मी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

आम्ही काठीने राख उकरली. काही सापडलं नाही. मला रडू आलं, मामांना नाही.

"शेपूट टाकीसन पळनी व्हई ना ती?"

शेपूट टाकून मांजराला चकवता येतं. आगीला कशी चकवणार? मी मान हलवून हो म्हटलं.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा खा, डाळीचा वाफवलेला लोचो खा. मी काहीच खाल्लं नाही. घरी आले त्याला पंधरवडा झाला. रोज दुपारी मामांचा फोन येतो. आज म्हणाले, भिंतीला चुना मारायला मालक माणूस पाठवत होता, त्यांनी नको म्हटलं. वास बदलला तर ती घर ओळखायची नाही.