मॅडमचे शिळे बटाटे

आखातात, अझैब्यातल्या त्या घरात मी साडेचार वर्षं स्वयंपाक केला. सर इंग्रज, एका कंपनीचे सल्लागार, सत्तरीला टेकलेले. मॅडम त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं. मी वसईची. नवरा एका हॉटेलात एसीची कामं बघायचा आणि आम्ही अल् घुब्रात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मुलगी शाळेत गेली की मी बस पकडायचे.

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझे हात हुंगले. "लसूण," म्हणाल्या आणि साबण दाखवला. मी हात धुतले. त्यांनी पुन्हा हुंगले आणि पुन्हा धुवायला लावले. त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या घरी यायच्या आधी लसणाला शिवले नाही, तरी त्या हुंगायच्याच.

तेव्हा गॅसपाशी फक्त त्या उभ्या राहायच्या. मी सोलायचं, चिरायचं आणि घासायचं. इंग्लंडात रविवारी होतं ते मोठं जेवण त्यांच्याकडे इथल्या सुट्टीमुळे शुक्रवारी व्हायचं. भाजलेलं मांस, बटाटे, कोबी, गाजरं. आम्हा ख्रिस्ती लोकांची चर्चमधली मिस्साही इथे शुक्रवारीच, म्हणून त्या दिवशी मला रजा असायची आणि ते जेवण मी कधी पाहिलं नाही. मला दिसायचं ते उरलेलं. शनिवारी सकाळी फ्रिज उघडला की ताटलीखाली झाकलेलं असायचं.

त्या उरलेल्याचं त्या जे करायच्या, ते त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या आईचा बिडाचा तवा होता, त्याला साबण लावायचा नाही. बटाटे हातानं मोडायचे, लगदा करायचा नाही. कोबी, गाजर, जे काही असेल ते त्यात घालायचं. मांसाखाली जमलेली चरबी तव्यात वितळवायची, सगळं त्यावर थापायचं, दाबायचं आणि मागे सरायचं.

"हलवू नकोस," त्या म्हणायच्या. "तुम्ही लोक सारखं ढवळता. ऐक नुसतं."

तवा आधी बुडबुडायचा. मग कोबी कुईकुई करायला लागायचा. त्यावरूनच त्या पदार्थाचं नाव, बबल अँड स्क्वीक. आवाज बसला की समजायचं, खालची बाजू खरपूस झाली. मग उलथायचं. मी घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे शिळ्या भाजीचं थालीपीठ. आणि त्याला एवढा थाट?" पण मला ते जमायला लागलं तेव्हा मी खूश झाले होते. मॅडमनी एकदा माझ्या हातचं खाल्लं आणि अजून थोडं वाढून घेतलं.

तिसऱ्या वर्षी त्या विसरायला लागल्या. आधी शब्द, मग गॅस. एकदा फ्रिजमधली कोंबडी कपड्यांच्या कपाटात सापडली. सर ओरडले नाहीत. सर कधीच ओरडायचे नाहीत. ते प्रश्न विचारायचे.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे पाहुणे असायचे. मी ताट आणून ठेवलं की सर म्हणायचे, "सांग बरं यांना, याला काय म्हणतात?"

मॅडम ताटाकडे बघायच्या. "बटाटे."

पाहुण्यांना वाटायचं, त्या गंमत करतायत.

"नाव, डार्लिंग. नाव सांग. चाळीस वर्षं करतेयस."

मॅडम उठून आत जाईपर्यंत ते विचारत राहायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ही कोण?"

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लसूण," म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले.

नंतर सरांनी हुकूम केला की मॅडमना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही, दार आतून लावून घ्यायचं. मी लावायला लागले. त्या बाहेर उभ्या राहायच्या. दारावर बोटांनी हलकं वाजवायच्या. "तांबूस झालं का गं?" मी उत्तर द्यायचे नाही. फार झालं की मी धूर ओढायचा पंखा मोठा करायचे, म्हणजे ऐकू यायचं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ज्या तव्याला त्यांनी मला वर्षभर हात लावू दिला नव्हता, तो आता माझा होता.

मग तो गुरुवार. माझा जेवणाचा डबा मी ओट्यावर ठेवला होता, भात आणि बोंबलाचं कालवण. कपडे वाळत घालून आले तर डबा नाही. शोधला तर कचऱ्याच्या पिशवीत, झाकणासकट. मॅडम सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"घाण वास," त्या म्हणाल्या. अगदी पहिल्या वर्षीच्या आवाजात, स्वच्छ, न अडखळता.

तो आजार होता की त्या स्वतः होत्या, मला आजही सांगता येणार नाही. मी डबा काढला, धुतला आणि त्या दिवशी उपाशी राहिले.

दोन दिवसांनी, शनिवारी, जेवायला तिघं यायचे होते. एक इंग्रज जोडपं आणि सरांच्या ऑफिसातला एक माणूस. अकराच्या सुमाराला दारावर बोटं वाजली.

"आज मला करू दे ना," मॅडम बाहेरून म्हणाल्या.

मी दार उघडलं. का उघडलं, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. दार उघडंच टाकून त्या आत आल्या, आणि त्यांचे हात काहीच विसरले नव्हते. बटाटे मोडले, कोबी पिळून घातला, चरबी वितळवली. मग मिठासाठी त्यांनी हात पुढे केला. फळीवर दोन सारख्याच पांढऱ्या बरण्या होत्या, एकीवर मीठ लिहिलेलं, दुसरीवर साखर. त्यांना आता अक्षरं लागत नव्हती. त्यांनी साखरेची बरणी घेतली. एक मूठ घातली. चव बघितली नाही, विचार केला आणि आणखी एक मूठ घातली.

मी गाजरं चिरत होते. माझी सुरी थांबली नाही.

साखरेमुळे त्या दिवशी जसा रंग आला, तसा मी कधी पाहिला नाही. कडेपर्यंत तांबूस आणि चकचकीत. मॅडम टाळ्या वाजवत कपडे बदलायला गेल्या. लिपस्टिक लावून आल्या, ती थोडी दातांना लागली होती. ताट मीच नेऊन टेबलावर ठेवलं.

"आज मी केलंय," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

सरांनी पहिला घास घेतला. काटा खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं. "माझ्या बायकोनं आपल्यासाठी गोड केलंय," ते म्हणाले. ऑफिसातला माणूस हसायला लागला आणि मध्येच थांबला. पाहुण्या बाईनं एक घास गिळला आणि प्लेट बाजूला सारली.

"तू खा ना," सर मॅडमना म्हणाले. "तू केलंयस. खा."

मॅडमनी खाल्लं. चेहरा बदलला. त्यांना चव कळली होती, फक्त काय चुकलं ते कळत नव्हतं.

"अजून. एवढं उरलंय."

त्यांनी अजून खाल्लं. सर त्यांच्या ताटलीत वाढत राहिले, अगदी प्रेमानं, एकेक चमचा. पाहुणे खिडकीबाहेर बघत होते. मी पाण्याचा जग धरून भिंतीशी उभी होते. चौथ्या की पाचव्या चमच्याला मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्या चावत होत्या. सांगितलेलं ऐकायची त्यांना आता सवय झाली होती.

पाहुणे लवकर गेले. सर स्वयंपाकघरात आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

"मी बर्फ घ्यायला आलो होतो मघाशी," ते म्हणाले. "तिच्या हातात कुठली बरणी होती, ते पाहिलं मी. तूही पाहिलंस."

"सर, मी..."

"घाबरू नकोस. चारचौघांनी हे बघावं, असं मला हवंच होतं. आता तिला इंग्लंडला पाठवलं तरी कुणी विचारणार नाही, का पाठवतोस म्हणून." मग त्यांनी तव्याकडे बघितलं. "पुढच्या शनिवारी तू कर. नीट."

तीन आठवड्यांनी मॅडमची बहीण इंग्लंडहून त्यांना न्यायला आली. तिकडे अशा माणसांचा आश्रम असतो, तिथे जागा मिळाली होती. मी बॅगा भरल्या. मॅडम दारात कोट घालून उभ्या होत्या, बाहेर चाळीस डिग्री, आणि त्यांनी माझा हात धरला.

"ही माझी मैत्रीण," त्या बहिणीला म्हणाल्या. "मला स्वयंपाक करू देते."

बहिणीनं माझे आभार मानले. दोनदा. मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, सर बॅगा गाडीत ठेवत होते आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू नुसतं एवढंच म्हणायचं होतंस, मॅडम ती साखर आहे."

"हो."

"चार शब्द."

"माहीत आहे."

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मुलीला तेवढं सांगितलं की आईला काही दिवस त्रास देऊ नकोस.

मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती असं आज वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. दर शनिवारी जे पाहुणे येतील त्यांना सर वाढायचे आणि सांगायचे, बायको करायची अगदी तसंच आहे. आता सरांनी प्रश्न विचारावेत असं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे टेबलावर गप्पा चांगल्या व्हायच्या.

सात महिन्यांनी मॅडम तिकडेच वारल्या. मला ते सरांच्या ड्रायव्हरकडून कळलं, शुक्रवारी, मिस्सा सुटल्यावर. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आज जेवण नसेल. पण फ्रिजमध्ये ताटलीखाली बटाटे होते, आणि सर म्हणाले चार जण येतायत.

मी केलं. चव बघून मीठ घातलं. कुईकुई थांबेपर्यंत हात लावला नाही. सरांनी खाल्लं, आणि अजून आहे का विचारलं. मला तेव्हा बरं वाटलं. वाढताना मी हसलेसुद्धा.