आप्पांचा डावा तळहात

उदगीरच्या बस स्टँडवर शेजारच्या माणसानं तंबाखूत चुना मळून हातावर थाप मारली, तो उग्र वास नाकात गेला आणि मला माझ्या वडिलांचा, आप्पांचा, डावा तळहात आठवला. वर्षानुवर्षं त्याच तळहातावर ते तंबाखू मळायचे आणि सकाळी पूजेला बसले की गळ्यातलं इष्टलिंगही त्याच तळहातावर घ्यायचे. एके दिवशी त्यांचं त्यांनाच ते खटकलं असावं. तंबाखू सोडली. तलफ आली की हात धुवायचे, विभूती लावायचे, लिंग तळहातावर घेऊन तलफ जाईपर्यंत त्याच्याकडं बघत बसायचे. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं तरी उठायचे नाहीत. असा दीड महिना गेला. मग निलंग्याला एका लग्नात, जेवणं उरकल्यावर, मी भर मांडवात माझ्या डबीतली चिमूट मळून त्यांच्यापुढं केली. "घ्या की आप्पा, एका चिमटीनं काय महादेव कोपतोय व्हय!" पाव्हणे हसले. माझा पुढं केलेला हात चारचौघांत रिकामा परतू नये म्हणून असेल, त्यांनी ती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत ते तो तळहात राखेनं घासत होते, कातडं लाल होईस्तोवर. मला बघून एवढंच म्हणाले, "आज पहिला दिवस धरायचा." पुढं मरेपर्यंत त्यांनी तंबाखूला हात लावला नाही. आता मीही सोडून बघतोय. घरात मला कुणी चिमूट पुढं करत नाही, तरी माझा तिसरा दिवस काही उजाडत नाही.