मोरसात कावळा नाही

मोरसला जाऊन आलो म्हटलं की रत्नागिरीत लोक पहिला प्रश्न विचारतात, "साखर किती आणलीस?" आमच्याकडे जुनी माणसं साखरेलाच मोरस म्हणतात, कारण ती पूर्वी त्या मॉरिशस बेटावरून यायची. तर साखर मी चिमूटभरही आणली नाही. मी गेलो होतो एका कावळ्यापायी!

घर आमचं मिरजोळ्याला आणि माझं सुपारी-आंबोशीचं दुकान रत्नागिरीच्या बाजारात. माझे थोरले काका, भिकूकाका, विशीच्या आत उसाच्या मळ्यावर कामाला म्हणून मोरसला गेले ते गेलेच. बारा वर्षं कागद नाही, निरोप नाही. मग भटजींच्या सांगण्यावरून धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांचं क्रियाकर्म उरकलं. काका घरातून निघाले ती भाद्रपद वद्य सप्तमी त्यांच्या म्हाळाची, पितृपक्षातल्या श्राद्धाची, तिथी ठरली. तेव्हापासून दर वर्षी वड्या-खिरीचं पान परसातल्या दगडी गडग्यावर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. आजोबांच्या पानावर तुटून पडणारे कावळे काकांच्या पानाकडे मात्र ढुंकून बघत नसत. शेवटी ते पान गाईला घालायचं, की सगळे जेवायला मोकळे.

गेल्या वर्षी भाद्रपदात वेळणेश्वरचा एक खलाशी दुकानात सुपारी घ्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "मोरसात एका गावात गणपतीला ढोलकी वाजवणारा म्हातारा आहे. मिरजोळ्याचा म्हणतो स्वतःला."

"नाव काय त्याचं?"

"बोटीच्या घाईत नाव कोण विचारतो, शेठ!"

मी घरी येऊन हे सांगितलं आणि आबांचा घास हातातच राहिला. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. "जित्या भावाचे पिंड पाडले असतील मी, तर कुठे फेडू रे ते?" एवढंच पुन्हा पुन्हा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू जा. मेला असेल तर खरी तिथी विचारून ये. आणि असेलच तर..."

तुम्हाला जायचं असेल तर पासपोर्ट आणि देवी टोचल्याचा दाखला आधी करून घ्या. त्यात माझे दोन महिने गेले आणि चपलेचे तळ झिजले. मार्गशीर्षात बंदरावरून पडावात बसून आगबोट गाठली. पुढे मुंबई, मग कोलंबो, तिथे बोट बदलून पोर्ट लुई. डेकचं तिकीट स्वस्त, पण वळकटी, तांब्या आणि आमसुलं जवळ हवीतच. मला बोट अशी लागली की तीन दिवस मी आमसुलं चघळत आबांना, काकांना आणि त्या खलाशाला आळीपाळीने शिव्या देत होतो.

पण बेट दिसलं आणि सगळं विसरलो. डोंगर समुद्रातून तडक वर आलेले, एकाच्या टोकावर तर कुणी धोंडा तोलून ठेवावा तसा धोंडा. किनाऱ्यापासून दूर पोवळ्याच्या खडकांची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं निवांत. आणि पौषात गुलमोहर फुललेला! पौषात पिकलेले आंबे! तिकडे ऋतू उलटे. आंबा घेतला, खाल्ला आणि रत्नागिरीकर म्हणून गप्प बसलो. नुसते धागे हो.

रुपया तिथेही चालतो, नोट मात्र त्यांची वेगळी, बंदरावरच बदलून घ्या. राज्य इंग्रजांचं, मळे फ्रेंचांचे, कोपऱ्यावरचं दुकान चिन्याचं आणि उसात राबणारे बहुतेक आपले. बोलतात मात्र सगळे एकमेकांशी भलतीच भाषा, किरेयोल. बसमध्ये माझ्या हिंदुस्थानीला कुणी हसलं नाही, एवढे उपकार मानायचे.

पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात उतरलो. दोन्ही बाजूंना ऊस, शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचे ढीग आणि पुढे पत्र्याची घरं. एका अंगणात तुळस दिसली. साडी नेसलेली चाळिशीची बाई वाकून तांदूळ निवडत होती. मी मराठीत विचारलं, "मिरजोळ्याचे कुणी राहतात का इथे?"

तिने वर न बघता आत हाक मारली, "बाबा, तुमच्या गावचं माणूस आलंय!"

म्हातारा काठी टेकत बाहेर आला. नाक आबांचं, कान आबांचे.

"कुणाचा रे तू?"

"मिरजोळ्याच्या सोनूचा मुलगा."

त्याने दाराची चौकट धरली. "भलतंसलतं बोलू नको हां! सोनूचा म्हाळ मी दर वर्षाला घालतो."

आता चौकट मी धरली.

हळूहळू उलगडा झाला. काकांना लिहिता येत नव्हतं. पत्र लिहून देणारा भेटेपर्यंत सोळा वर्षं गेली आणि ते पत्र पोचलं नेमकं प्लेगात. सगळं गाव तेव्हा माळावर झोपड्या बांधून राहत होतं, घराला कुलूप. पत्र परत आलं. त्याच सुमारास गावाकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं, मिरजोळं ओस पडलं. काकांनी भाऊ गेला असं धरलं आणि पान ठेवायला सुरुवात केली.

"मग कावळा शिवतो?" मी न राहवून विचारलं.

"इकडे कावळा कुठला बाबा! बंदराकडे बोटीतून आलेले दोन-चार असतील तर असतील. इथे मैना शिवते."

"लगेच?"

"पान टेकायच्या आधी!"

मला हसू आवरेना. मग मात्र सांगावंच लागलं, की घरी आम्हीही त्यांचं पान ठेवतो आणि कावळा कधी म्हणून शिवलेला नाही. "शहाणे हायत आपले कावळे," काका म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, त्यात लाज कसली!

पंधरा दिवस राहिलो. फ्रेंच पावाबरोबर बोंबलाची चटणी खाल्ली, ढोलकीवर आमच्याच वाडीतली जुनी गाणी ऐकली, जी आता आमच्या वाडीत कुणाला येत नाहीत. काकांची लेक सखू, ती तांदूळ निवडणारी, तिला एकदा विचारलं, "तुम्ही मराठी की इथल्या?"

"घरात मराठी, शेतात किरेयोल, सायबापुढे मुकी," ती म्हणाली. "पण पुरायचं तर मला इथल्याच मातीत, दादा. माझी आई इथेच आहे."

निघताना काकांना म्हटलं, चला घरी. ते नुसते "बघू" म्हणाले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "सोनूला सांग, माझं पान बंद कर. मी त्याचं बंद करतो."

होळीच्या आधी घरी पोचलो. आबा ओटीवरच होते. वहाणा न काढताच मी म्हणालो, "आहेत." आबांनी मला खाली बसवलं. सगळं ऐकून घेतलं, मैनेचंही. मग डोळे पुसून विचारतात काय, तर "माझ्या म्हाळाला करतो काय काय तो?"

"वडे, खीर, काकडीची कोशिंबीर, कारल्याची भाजी."

"कारलं? मला कारलं आवडत नाय. विसरला मेला!" आणि जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत.

मोरसहून काय आणलंस म्हणून लोक अजून विचारतात. शंख आणले थोडे, एक वेताची टोपली आणि घरी परतल्यावर चार दिवस जिभेवर रेंगाळलेली किरेयोल. तेवढंच.

परवा सप्तमी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी गडग्यावर पान नव्हतं. सकाळपासून एक कावळा तिथे बसून ओरडत होता, हाकलला तरी हलेना. आबा ओटीवर बसून त्याच्याकडे बघत होते. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून माझ्या बायकोला म्हणाले,

"सूनबाई, भात जरा जास्त टाक गो. कावळा ओरडतोय, पाहुणा येणार कुणीतरी."