चिंचेनं घासलेले वायसर

"हात धुतले का?"

कुणीही ड्रायव्हर शेडमध्ये शिरला की वहिनींचा हा पहिला प्रश्न. नमस्कार ना चमत्कार. तो हात पुढं करायचा, त्या उलटेपालटे करून बघायच्या, आणि नखांत काळं दिसलं की गडी परत नळावर. मिशांना पीळ देणारे बाप्ये मुकाट्यानं मागं फिरायचे. समोरच्या माझ्या खानावळीत भाकरी थापता थापता मी ही गंमत बघत असायचे.

तुम्ही जामखेडच्या रस्त्यानं कधी गेला असाल तर ते पत्र्याचं शेड बघितलं असेल. गॅरेज मूळचं वहिनींच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. मिस्त्रींची उजवी बाजू लुळी पडली आणि शेडमध्ये खाट आली. जीभ जड झाली होती, डोकं मात्र शाबूत होतं. ते खाटेवरून सांगायचे आणि वहिनी पाना चालवायच्या. ड्रायव्हर येत होते ते मिस्त्रींच्या नावावर. बाईच्या हातावर त्यांचा भरवसा बसला नाही तर शेडला कुलूप लागणार, हे मलाही दिसत होतं आणि वहिनींनाही.

डिझेल फिल्टरचं काम त्यांच्या खास आवडीचं. जुन्या गाड्यांना दोन वाट्यांचा फिल्टर असतो. उघडलेले भाग त्या परातीत ओळीनं मांडायच्या. नव्या वाट्या बसवण्याआधी त्यांत डिझेल भरायचं, तेही पातळ फडक्यातून गाळून.

"इंजिनाच्या तोंडी जातंय अक्का, कचरा कसा चालंल?"

"माझ्या गिऱ्हाइकांनासुद्धा इतकं निवडून-टिपून मिळत नाही," मी म्हणायचे.

"ते ठाऊक हाय मला," वहिनी म्हणायच्या. मी फटकळ खरी, पण त्यांच्यापुढं माझं काही चालायचं नाही.

एकदा कोपरगावकडून साखरेची पोती भरलेला ट्रक आला. गाडी जुनी, ड्रायव्हर तिच्याहून जुना. फिल्टरचा वरचा भाग तडकला होता, म्हणून अख्खी असेंब्लीच बदलायची ठरली. तिला पाइप जोडतात त्या बोल्टांना तांब्याचे वायसर लागतात, अंगठीसारख्या चपट्या चकत्या. असेंब्ली नवी आली, वायसर काही आले नाहीत. वहिनींनी जुनेच चिंचेनं घासले. देवाची भांडी झक मारतील असे लखलखीत निघाले. कौतुकानं मला दाखवायला आणले आणि मीही म्हटलं, वा! दोघी वेड्या.

थोड्या वेळानं फोन आला. ट्रक बीडकडच्या घाटात बंद पडला होता, पाइपाच्या सांध्यातून डिझेल गळत होतं. मिस्त्रींनी डावा हात कपाळावर मारला. एकदा दाबला गेलेला वायसर कडक होतो, कितीही चमकवला तरी सांधा धरत नाही. नवे आणावेत तर त्या दिवशी दुकानं बंद.

"चूल," मिस्त्री कसंबसं म्हणाले. "लाल कर... पाण्यात टाक."

तांबं तापवून विझवलं की मऊ पडतं म्हणे. माझ्या भाकरी बाजूला झाल्या आणि निखाऱ्यावर शेडमधल्या डब्यातले दुसरे जुने वायसर चढले. लाल झाले, पाण्यात चर्र झाले, काळपट होऊन बाहेर आले. वहिनींनी ते पुसून पदराच्या गाठीत बांधले.

"दुसऱ्या कुणाला तरी धाडू," मी म्हटलं. "तिथं लोक तोंड सोडतील."

"काम मी केलं, गळालंय बी माझंच. तुमची स्कुटी काढा."

घाटात चार गाड्या थांबल्याच होत्या. एक जण बोललाच, "चूल सोडून पाना धरला की असंच व्हायचं." बाकीचे हसले. माझ्या जिभेवर शिवी आली होती. वहिनींनी माझा दंड धरला आणि सगळ्यांदेखत त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चूक माझी हाय. जुनं वायसर मी घातलं. गाडीत काय खोट न्हाई."

त्यांनी गाठ सोडली. म्हातारा वाकून बघत म्हणाला, "आधीचे चकचकीत हुते की."

"म्हनूनच गळले. हात धुतले का?"

लोक हसायचं थांबले. म्हाताऱ्यानं पाण्याचा कॅन तिरपा करून हात धुतले. वहिनींनी वायसर बदलून बोल्ट आवळले. मग आत शिरलेली हवा काढायला तो इंजिनाजवळचा हातपंप दाबत राहिला आणि वहिनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बसल्या. आधी नुसता फेस आला. बऱ्याच वेळानं डिझेलची सरळ धार लागली, तसा त्यांनी स्क्रू आवळला. सेल्फ मारला आणि गाडी धडधडली. वहिनी पाना घेऊन केबिनमध्ये चढल्या, म्हणाल्या, "घाट चढूस्तवर बसते." भरलेला ट्रक वळणावळणानं वर निघाला आणि मागून स्कुटीवर मी. खरं सांगते, माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी मिरवले नव्हते.

ही गोष्ट रस्ताभर झाली. पण लोकांनी वायसरची सांगितलीच नाही. गाडी बंद पडली की बाकीचे गॅरेजवाले फोन उचलत नाहीत, वहिनी घाटात येतात, अशी सांगितली. मग शेडपुढं गाड्या उभ्या राहायला जागा पुरेना. मिस्त्रींनी ते सगळं खाटेवरून डोळे भरून बघितलं. ते गेल्यावर वहिनी लेकीजवळ गेल्या, इथून दोन तासांवर नागापूरला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये आता जुन्या गाड्या त्याच बघतात. इथल्या शेडला कुलूप आहे, पण ते भरवसा नव्हता म्हणून लागलेलं नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगते.

परवा तोच म्हातारा बीडकडून आला. ट्रक धापा टाकत होता.

"फिल्टर गेलाय मावशी. नागापूरला चाललोय."

"का? जामखेडातली गॅरेजं ओस पडली का?"

"असू द्यात की," म्हणत तो नळावर गेला. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाला, "जेवत न्हाई, उशीर व्हईल."

"मग हात कशाला धुतले?"

त्यानं बंद शेडकडं बघितलं. "हितं गाडी थांबली की धुवायचे असत्यात."

आणि त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं केले. मी ते उलटेपालटे करून बघितले. नखांत काळं होतं. मी त्याला परत नळावर पाठवलं.