फोनातली पोट्टी

माझं काम काय आहे हे सांगितलं की पुढचा माणूस चहाचा घोट घेतो आणि विषय बदलतो. हैदराबादची एक कंपनी दुकानदारांसाठी बिलं करायचं सॉफ्टवेअर विकते. त्यात फुकट किती द्यायचं आणि पैसे कुठून मागायला लागायचं, हे ठरवणाऱ्यांत मी एक. जैनथजवळच्या आमच्या गावात घरी बसून करते, नेट असलं तर. बाबांना हे एकदा समजावून सांगितलं होतं. ते आठवडी बाजारात भाजी विकायचे, आमच्याच वावरातली. म्हणाले, "म्हंजे सांबार फुकट अन् वांगे पैशानं. याच्यासाठी तुले पगार देतेत काय बाप्पा?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि भाजी घेतली की त्याच्या चार काड्या वरून टाकाव्याच लागतात.

तेव्हा बाबांना आवाज होता. साधासुधा नव्हे. बाजाराच्या ह्या टोकाला ओरडले की त्या टोकाची गिऱ्हाइकं मान वळवायची. मग घसा बसला तो बसलेलाच राहिला. नागपूरला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. कागदावर मी सही केली. काही वाटलं नाही. बाबा घरी आले, गळ्याला श्वासासाठी भोक आणि त्यावर मायनं शिवलेला पातळ रुमाल. ओठ हलायचे, आवाज नाही. तरी मला काही वाटलं नाही. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे, आणि मी त्यांच्यापुढे पाण्याचा गिलास धरायची. भूल बाबांना दिली होती, उतरत माझी नव्हती.

रडू येत नव्हतं म्हणून कामाला लागले. बाबांच्या फोनवर एक ॲप घातलं. आपण मराठीत लिहायचं, ते बोलून दाखवतं. फुकटच्या प्लॅनमध्ये आवाज एकच, एका तरुण मुलीचा, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा स्वच्छ. पुरुषाच्या आवाजापुढे छोटंसं कुलूप. ते तिथे लावायचं हे माझ्यासारख्याच कोणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलं असणार. जागा बरोबर निवडली होती.

बाबा एका बोटानं टाइप करायचे, बोलायचे तसंच. "अवं, चाय ठेव नं." आणि फोनातली पोट्टी ते अशा थाटात म्हणायची, जणू उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगते आहे. माय तोंडाला पदर लावून हसायची. "या वं बाई, तुमीच ठेवा," म्हणायची. ऑपरेशननंतर आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं ते त्या पोट्टीमुळे. मायला ती आवडायची, हे मी तेव्हा नुसतं पाहिलं, मनावर घेतलं नाही.

बाजारात मात्र फजिती झाली, ती मायनं घरी येऊन सांगितली. एकजण वांग्यांचा भाव पाडून मागत होता. बाबांनी लिहिलं, आणि पोट्टी गोड आवाजात म्हणाली, "इतक्यात नाई परवडत, दादा." आजूबाजूची माणसं खो खो हसली. "काका, पोट्टी कुठं लपवली?" तेवढ्यात ती पुन्हा बोलली. फुकटच्या प्लॅनमध्ये दर थोड्या वेळानं ती स्वतःचं एक वाक्य घुसडायची, "अमर्याद बोलण्यासाठी आजच अपग्रेड करा." भर सौद्यात! "मंग करा नं काका अपग्रेड!" कोणीतरी ओरडलं. बाबांनी फोन टमाट्याच्या क्रेटमध्ये टाकला आणि वर पोतं झाकलं. घरी आल्यावरही बाहेर काढला नाही. बरेच दिवस ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे लिहिलंच नाही.

माणूस चारचौघांत ओशाळला की पैसे भरतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी भरले. कुलूप उघडलं.

नवा आवाज पन्नाशीतल्या पुरुषाचा, भारदस्त. बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं, "कोन हाय रे तिकडं?" सगळं घर दणाणलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. हसले. मग दिवसभर हुकूम सुटत राहिले, मला, शेजाऱ्याला, म्हशीला. बाजारातही कोणी हसलं नाही. मी ऑफिसच्या मीटिंगला बसले तेव्हा वाटलं, चला, हे एक काम झालं.

मायचं लक्षात यायला मला वेळ लागला. ओसरीवरून तो आवाज आला की ती डोक्यावर पदर ओढायची. परका माणूस घरात आला की ओढते तसा. बाबांचं ताट वाढायची आणि चुलीकडे निघून जायची. पोट्टीला ती उलट उत्तरं द्यायची, ह्याला एक शब्द नाही. बाबा चाय मागायचे, ती खाली बघून कप ठेवायची.

शेवटी एका सकाळी बाबांनीच कारण विचारलं. तो भारदस्त माणूस म्हणाला, "काऊन तोंड लपवतं वं?"

माय चुलीपाशी उभी होती. मग एकदम म्हणाली, "मी काय करू? त्या पोट्टीचं बरं होतं. ती बोले तं मले समजे, हे तुमी नाई. तुमचा आवाज माह्या कानात तसाच राहे. आता हा मानूस बोलते. मी तुमचा आवाज आठवाले जातो, तं याचाच येते. पुसून टाकून राह्यला हा तुमाले. मंग माह्यापाशी काय राह्यलं?"

बाबा फोनकडे बघत बसले. बाजारात मान वर करून बोलता येत होतं त्यांना ह्या आवाजानं. मला ते दिसत होतं, आणि मायचा पदरही दिसत होता. कोणाच्या बाजूनं बोलावं हे मला कळेना. मग बाबांनी फोन माझ्यापुढे धरला, तो आवाज बोटानं दाखवला आणि मान हलवली. काढून टाक.

ॲपनं विचारलं, का सोडताय? महाग वाटलं, वापर होत नाही, दुसरं मिळालं, इतर. असे प्रश्न मी स्वतः लिहिलेले आहेत. "इतर" दाबलं. खाली चौकट उघडली, कृपया सांगा. काय सांगणार, कपाळ! रिकामी सोडली. मग निम्म्या किमतीत थांबा म्हणालं. "सुरू ठेवा"चं बटण मोठं हिरवं होतं, "सोडून द्या" बारीक राखाडी अक्षरात खाली दडवलेलं. कुठे दडवतात ते मला ठाऊकच होतं. दाबलं, आणि फोनात पुन्हा पोट्टी आली.

पुढच्या बाजाराला मीही गेले. बाबा पुन्हा हसं करून घेतील ह्याची धास्ती होती. त्यांनी फोन खिशातून काढलाच नाही. वांगी रचून गप्प उभे राहिले. गिऱ्हाइकं समोरून निघून जात होती, पलीकडच्या ओरडणाऱ्यांकडे. माय नेहमीसारखी मागे बसून तोलायला. बाजारात तिनं जन्मात कधी आवाज काढलेला नाही.

ती उठली. पदर कमरेला खोचला आणि ओरडली, "आलं वो आलं, वावरातलं वांगं आलं! काटा नाई, किडा नाई!"

शब्द बाबांचे. पण नुसते शब्द नव्हेत. "आलं"वरची ओढ त्यांची, "किडा"वरचा झटका त्यांचा, मध्येच श्वास घ्यायची जागासुद्धा त्यांची. इतकी वर्षं मागे बसून तिनं ते सगळं कानात ठेवलं होतं. बाबा तिच्याकडे वळून बघत होते, आणि त्यांचे ओठ तिच्या बरोबरीनं हलत होते. पलीकडच्या टोकाला दोघीतिघींनी मान वळवली.

तेव्हा माझी भूल उतरली. भर बाजारात, नाक गळेस्तोवर रडले मी.

एका बाईनं वांगी घेतली. बाबांनी सांबाराच्या काड्या वरून टाकल्या, मग माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. काऊन रडून राह्यली?

आवाज नव्हता. मला ऐकू आला.