तळाचा कांदा

तोलारमामांच्या आधी त्यांचा वास भेटायचा. कांद्याच्या सुक्या सालींचा, ओलसर तागाचा, आणि त्या दोन्हींपुढे हरलेल्या चंदनी साबणाचा. कोपरखैरणेतल्या त्यांच्या दोन खोल्यांकडे मी रविवारी दुपारी जाई, तेव्हा जिन्याच्या वळणावरच मला कळे, की मामांची अंघोळ झाली आहे आणि ते खिडकीपाशी वाट पाहत बसले आहेत.

साताऱ्याकडून आलेल्या या माणसाने वाशीच्या घाऊक बाजारात तीस वर्षं कांद्याच्या गोणी तोलल्या. गोणीचं तोंड उसवलं, की बाकीचे लोक वरचा कांदा उचलून पाहत. मामा कोपरापर्यंत हात आत घालून तळाचा एक कांदा वर काढत, अंगठ्याने दाबत, हुंगत आणि मग बोलत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, “वरचं दाखवायला असत्यात, पोरी. खायचं खालीच असत्यात.”

त्यांची मुलगी उज्ज्वला इंग्रजीच्या एम.ए.ला माझी वर्गमैत्रीण. मी कवितेत रमलेली. ती एका अमेरिकन कादंबरीकाराच्या सहा पुस्तकांत. दर पुस्तकाचा विषय निराळा, हे तिला फार आवडे. एक घंटा ओतणाऱ्या कारागिरांची कथा, एक तुरुंगातल्या न्हाव्याची, एक मुष्टियोद्ध्याच्या आईची, एक बर्फात अडकलेल्या टपालगाडीची, एक दुष्काळी गावातल्या पियानोची. मामांना इंग्रजीतलं गोणीवर छापलेलं तेवढंच वाचता येई. जेवणं झाली, की उजू त्यांना एकेक कादंबरी मराठीत सांगे, आणि मामा तिची प्रतवारी लावत. “घंटावाली गोळा हाय. एक नंबर. न्हाव्याची गोल्टी,” आणि मग थोडं थांबून, “पर गोल्टीच तिखट असती.” बाजारात मोठ्या, निवडक कांद्याला गोळा म्हणतात आणि सर्वांत लहान कांद्याला गोल्टी. त्या न्हाव्यासाठी मामा दोन दिवस हळहळले होते.

मग उजूला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. सहावी कादंबरी सांगायची राहिली होती. महिन्याभराने मामा माझ्या दारात उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते पुस्तक, पुस्तकात खुणेला घातलेलं उजूचं बसचं तिकीट.

“उजी म्हनायची, ही त्याची सगळ्यात भारी. तेवढी राहिली गं पोरी. सांगशील?”

पहिल्याच रविवारी त्यांनी मला शेवटची पानं उघडायला लावली. “आदी तळाला हात घालू. कुटलीबी एक वळ वाच.” मी वाचली: दिवा मालवण्याआधी त्याने दुसरं ताट पुसलं आणि फळीवर उपडं ठेवलं. मामांनी मान हलवली. “हं. माल चांगला हाय. आता वरनं घे.”

गोठलेल्या सरोवराकाठी राहणाऱ्या एका बापाची आणि त्याच्या मुलीची ती गोष्ट; घरात दोनच ताटं. मी दर रविवारी पंधरावीस पानं मराठीत सांगत गेले. मी शब्द शोधत अडखळले, की मामा चिडवत, “कविता शिकल्यालं मानूस लई सावकाश बोलतं बग. एवढ्या येळात आमचा ट्रक खाली होतो.” मी थांबले, की त्यांचा एकच प्रश्न, “फुडं?” मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसत. त्या कधीच काही बोलल्या नाहीत. देठ मोडल्याचा बारीक आवाज तेवढा येई.

शेवटाकडे येताना माझ्या ध्यानात आलं, की त्या बापाची मुलगी बर्फावरून पलीकडच्या गावी जाते आणि परत येत नाही. मी पुस्तक मांडीवर धरलं. समोर मामा पुढे झुकून ऐकत होते. मागे भिंतीवर उजूचा हार घातलेला फोटो. मला ते वाक्य उच्चारता येईना. मी मुलीला परत आणलं. संध्याकाळच्या निळ्या उजेडात, केसांवर हिमकण घेऊन ती दारात उभी राहिली, असं सांगितलं. माझ्या सगळ्या कविता त्या एका खोट्यात ओतल्या.

मामा खिडकीकडे वळले. मग शांतपणे म्हणाले, “आली व्हय? मग दुसरं ताट उपडं का ठेवलं त्यानं?”

मी उजूचं तिकीट पानात ठेवून पुस्तक मिटलं.

“वरनं चांगला माल लावलास, पोरी,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. “माज्या उजीनं मला कदी तसं दिलं न्हाई. फुडल्या आयतवारी खरं सांग. मी ऐकीन.”

पुढच्या रविवारी मी गेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, असा निरोप धाडला. खरं म्हणजे ते वाक्य आणि मामांचा चेहरा एकाच वेळी पाहण्याचं बळ माझ्यात नव्हतं. बुधवारी बाजारात, काट्यापाशीच, मामा कोसळले. रुग्णालयात पोचण्याआधीच सगळं संपलं.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी, नेहमीच्या वेळी, मी जिना चढले. वळणावर वास आला नाही. खिडकीपाशी त्यांची खुर्ची तशीच होती. मामींनी दार उघडलं आणि त्या भाजीची परडी घेऊन उंबऱ्याशी निवडत बसल्या. मी खुर्चीसमोर पुस्तक उघडलं आणि मी खोटं केलेल्या पानापासून खरं सांगू लागले. बर्फ तडकलं. मुलगी आली नाही. बाप तीन दिवस काठावर कंदील घेऊन उभा राहिला, मग घरी परतला. त्याने दुसरं ताट पुसलं.

तिथे मी थांबले. उरलेली दीड पानं डोळ्यांपुढे विरघळली. मी पुस्तक मिटू लागले, तेव्हा लक्षात आलं, की देठ मोडल्याचा आवाज केव्हाचा थांबला आहे.

मामी मांडीवरची परडी बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच त्या बोलल्या.

“फुडं?”